न केलेल्या चुकीच्या गावी

सोलापूरला जाऊन आलेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो: चादर आणली का? आणली आहे. महिना होत आला, ती अजून पिशवीतून बाहेर काढलेली नाही. का नाही, हे सांगायचं तर सगळा प्रवासच सांगावा लागेल, आणि मी मुळात फारसं सांगणाऱ्यांतली नाही. घरी, संस्थेत, सगळीकडे 'मॅडम मोजकं बोलतात' अशी माझी ख्याती आहे. लोक त्याला शहाणपण समजतात. मीही समजू दिलं.

मी खगोलशास्त्राचं काम करते, पुण्यात असते, पन्नाशी ओलांडली आहे. सोलापूर इथून जेमतेम एका दुपारच्या अंतरावर, तरी कधी गेले नव्हते. एकदा जाण्यासारखं कारण होतं, माझ्या एका विद्यार्थ्याचं लग्न. तेव्हा परदेशात परिषद होती. परिषद नसती तरी मी गेले नसते.

त्या विद्यार्थ्याचं नाव मल्लिनाथ. पीएचडी अर्धी टाकून तो गावी परतला आणि तिथल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागला. यंदा विज्ञान दिनाच्या व्याख्यानाला त्यानं मला बोलावलं. मी लगेच हो म्हटलं, कारण मला त्याला एकट्याला गाठून एक गोष्ट सांगायची होती: तेव्हा तू बरोबर होतास.

काय बरोबर, ते इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढे अडायला नको. आकाशातल्या पुष्कळशा दीर्घिका गुरुत्वाकर्षणानं एकत्र बांधलेल्या असतात. त्यांना आम्ही समूह म्हणतो. समूहाच्या पोटात प्रचंड तापलेला वायू असतो, तो क्ष-किरणांत चमकतो, आणि त्या चमकेवरून आम्ही समूह शोधतो. अडचण अशी, की सारख्याच वजनाच्या दोन समूहांपैकी एकाचा वायू मध्यभागी गच्च गोळा झालेला असतो, दुसऱ्याचा पसरलेला. पहिला दुर्बिणीला लगेच दिसतो. दुसरा आभाळभर असणाऱ्या मंद उजेडात बुडून जातो. त्या उजेडाला आमच्यात बॅकग्राउंड म्हणतात. मग आपल्या नमुन्यात पहिल्यासारखेच गोळा होतात आणि आपण म्हणतो, बघा, समूह असे असतात.

हे ताडून बघायला संगणकात एक कृत्रिम विश्व वाढवतात. आम्ही त्याला नुसतं 'बॉक्स' म्हणतो. सुरुवातीला जवळजवळ सारखं पसरलेलं द्रव्य घ्यायचं, गुरुत्वाकर्षण लावायचं आणि अब्जावधी वर्षं पुढे न्यायचं. तिथले सगळे समूह आपल्याला ठाऊक असतात, मंदसुद्धा. आता रीत अशी, की बॉक्सकडेही दुर्बिणीच्याच अधू नजरेनं बघायचं, त्यात तेवढंच बॅकग्राउंड मिळवायचं, आणि मग जे दिसतील त्यांचीच आकाशाशी तुलना करायची. मी ते केलं नव्हतं. बॉक्समधले गोल, नीटनेटके, आकाशातल्यांसारखे दिसणारे समूह मी निवडून काढले आणि त्यांची आकाशातल्यांशी तुलना केली. जुळले. न जुळून जातात कुठे? त्या जुळण्यावर पेपर झाला, पेपरवर माझं नाव झालं.

मल्लिनाथनं रीतीनं काम केलं. बॉक्समधले झाडून सगळे समूह त्या अधू नजरेखालून काढले. कितीतरी बुडाले, आणि त्यांच्याबरोबर माझं जुळणंही बुडालं. तो आलेख घेऊन आला तेव्हा माझा पेपर छपाईला गेला होता. मी आलेखाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू बॅकग्राउंड दोनदा मिळवलं आहेस."

मी त्याचा प्रोग्रॅम उघडलाही नव्हता. तोंडाला आलं ते बोलले. दोनदा मिळवलं तर मंद समूह जास्तच बुडणार, म्हणजे वाक्य पटण्यासारखं होतं. शिवाय मोजकं बोलणारी बाई बोलली म्हणजे बघूनच बोलली असणार. काही महिन्यांनी तो गेला. 'झेपलं नाही त्याला,' असं संस्थेत कुणीतरी म्हणालं. मी मान हलवली नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

गेल्या वर्षी नव्या सर्वेक्षणाचे निकाल हाती आले. त्यात समूह वायूच्या चमकेवर न विसंबता, वेगळ्याच खुणेवरून शोधलेले होते. आणि त्यात मंद, पसरलेले समूह भरपूर. तेव्हा मी मल्लिनाथचा प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडला. बॅकग्राउंड एकदाच मिळवलेलं होतं.

स्टेशन ते शुक्रवार पेठ

फेब्रुवारी संपत आला होता. पुण्यात पहाटे अजून अंगावर काहीतरी ओढावंसं वाटत होतं, आणि इथे फलाटावर पाय ठेवला तर दुपारच्या उन्हानं डोळेच मिटले. ते उघडेपर्यंत एक पोट सुटलेला, कानशिलावर पांढरा झालेला गृहस्थ माझ्या पायाशी वाकला होता.

"मॅडम, मी मल्ली."

मी हबकले. त्याच्या वयानं नाही, वय तर माझंही झालं आहे. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रागाची मी गाडीत तयारी करून आले होते, त्याच्या प्रत्येक वाक्याला उत्तर ठरवून ठेवलं होतं. समोर निव्वळ आनंद उभा होता, आणि त्याला द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

रिक्षावाल्याशी तो तेलुगूत बोलला. वाटेत पेरू घेतले ते दख्खनी उर्दूत घासाघीस करून. फोन आला, त्यावर कानडी. माझ्याकडे वळला की मराठी. मी आयुष्यभर मराठी आणि इंग्रजी अशा दोन खोल्यांत राहिले, हा माणूस चार खोल्यांची दारं उघडी टाकून फिरत होता. मी तसं म्हटलं तर हसला. "इथं सगळेच असे, मॅडम. हमालाला पण चार येतात. ह्यात काय कौतुक?"

शुक्रवार पेठेतल्या त्याच्या गल्लीत रिक्षा शिरली तसा मागच्या रस्त्याचा आवाज बंद होऊन भांड्यांचा आणि टीव्हीचा आवाज सुरू झाला. त्यानं माझी बॅग उतरवली, पैसे दिले, चार पावलं चालला आणि परत फिरून रिक्षाच्या सीटवर हात फिरवून पाहिलं. रिक्षा गेली. आम्ही दारात पोचलो. आत येऊन त्यानं दाराची कडी लावून घेतली, ती ओढून पाहिली, चप्पल काढली, पुन्हा जाऊन ओढून पाहिली.

"झालं का तपासून?" आतून आवाज आला. त्याची बायको गौरी, हात पिठाचे, चेहरा हसरा. "या मॅडम, या की आत. ह्यांचं असंच असतंय. गॅस बंद केला की परत बघायचं, नळ बंद केला की परत बघायचं. लग्नात मंगळसूत्र बांधलं ना, तर गाठ परत ओढून बघितली. भटजी म्हणले, अहो, सुटणार न्हाई ती!"

मल्लिनाथ लाजून हसला. "असू दे की. तपासलेलं बरं असतंय."

मीही हसले. तेव्हा हसले, हे लिहून ठेवते.

त्याची आई, जिला घरात सगळे अव्वा म्हणतात, ती कोपऱ्यातल्या पाटावर बसून शेंगदाणे कुटत होती. तिनं मला बघून "बर्री, कूडरी" म्हटलं आणि दुसरा पाट पुढे सरकवला. यायचं आणि बसायचं, एवढं मला कळलं. पुण्यात शेंगाची चटणी म्हणून जी कोरडी पूड पुड्यात मिळते ती खाऊन मला वाटायचं की मला ती माहीत आहे. इथे उखळात दाण्यांचं तेल सुटेपर्यंत ती कुटतात, लाल, ओलसर, बोटाला चिकटणारी. तिच्याबरोबर कडक भाकरी. पापडासारखी पातळ, ताटात पडली की वाजते. घरोघरी तिचे ढीग करून ठेवतात, प्रवासाला नेतात, आणि माझ्यासारखे शहरी पाहुणे पहिल्या घासाला चुकतात. मी ती दह्यात बुडवायची सोडून तशीच चावली. कट्‌कन आवाज झाला, तो भाकरीचा नव्हता. दाढेवर डॉक्टरांनी बसवलेली टोपी निघून जिभेवर आली.

मी ती गुपचूप रुमालात घेतली आणि जेवत राहिले. कुणाला कळलं नाही असं मला वाटलं. अव्वा माझ्याकडे बघत होती. ती गौरीला काहीतरी कानडीत म्हणाली. गौरीनं काही न बोलता माझ्या ताटातली भाकरी उचलली आणि मऊ, ताजी वाढली.

"दुखालंय का मॅडम?"

"नाही, नाही."

"सांगायचं की ओ. त्यात लपवायचं काय?"

जेवणानंतर मल्लिनाथला बोलायचं असं मी ठरवलं होतं. हुग्गी झाली, म्हणजे गव्हाची गूळ घालून केलेली खीर, वर तूप. तो मला आग्रह करत होता, मुलांना मी किती काय काय सांगितलंय तुमच्याबद्दल, म्हणत होता. मी मनात म्हटलं, उद्या सांगू, व्याख्यान झाल्यावर, निवांत. मी हुग्गी खाल्ली.

कॉलेज

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृह गच्च भरलं होतं. पंखे बरेच, वारा मंचापुरता. टेबलावर नारळ आणि घडी घातलेली लाल-निळी चादर. आपल्याकडे सत्काराची शाल असते, ती कपाटात कुठेही मावते. सोलापुरात चादर देतात. ती दोन हातांत घ्यावी लागते, आणि घेतली की तिचं वजन कळतं.

मल्लिनाथ माईकसमोर गेला. "मॅडमच्या पदव्या पत्रिकेत छापल्यात, त्या मी वाचत नाही. मी तुम्हाला एवढंच सांगतो, की ह्यांच्याकडे काम करताना मी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. काय केलं होतं मी?"

सगळं सभागृह एका आवाजात: "दोनदा!"

"काय दोनदा?"

"बॅकग्राउंड!"

हशा. बाकांवर थापा. मी खुर्चीचा हात धरला.

"व्हय," तो म्हणाला, आणि मुलांबरोबर हसला. "दोनदा मिळवलं होतं. मॅडमनी नुसता आलेख बघितला आणि चूक सांगितली. मी नंतर प्रोग्रॅमची ओळ न् ओळ चाळली. कितीतरी दिवस. मला ती चूक सापडली नाही. आजपर्यंत सापडलेली नाही. म्हणून दरवर्षी प्रॅक्टिकलच्या पहिल्या तासाला तुम्हाला सांगतो, आपली चूक आपल्या डोळ्यांना दिसत नसते. आपल्यापेक्षा चांगली नजर ज्याची आहे त्याला दाखवा. आज ती नजर आपल्या कॉलेजात आलीय."

टाळ्या पडत होत्या. शेजारच्या खुर्चीवरची तरुण प्राध्यापिका माझ्या कानाशी वाकून हसत म्हणाली, "मॅडम, आमच्या लॅबमध्ये रीडिंग चुकलं ना, की मुलं एकमेकांना म्हणतात, मल्ली झाला बे तुझा. सरांना पण माहितीय. ते काही म्हणत नाहीत."

मल्ली झाला. इतक्या वर्षांत किती वर्ग त्या प्रयोगशाळेतून गेले असतील. प्रत्येकानं ते शिकून पुढच्याला शिकवलं. मी घाईत फेकलेलं एक वाक्य इथे रुजून, वाढून, त्याच्या नावाचं झालं होतं.  

प्राचार्य चादर उचलू लागले. मी कशीबशी म्हणाले, "सत्कार नंतर. आधी बोलते." त्यांनी ते विनयात जमा केलं.

आणि तरीही, हे सांगायलाच हवं, मी उठून ठरलेलं व्याख्यानच सुरू केलं. पडद्यावर समूहांची चित्रं दाखवली, तीच, निवडलेली, सुंदर. बॉक्स म्हणजे काय ते सांगितलं. मुलं छान ऐकत होती. दाढेच्या खड्ड्यात जीभ जात होती आणि मी बोलत होते. आता सांगू, या चित्रानंतर सांगू. चित्रं संपत आली.

दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली. "सर, मी विचारू?" सरांनी मान हलवली. "ही अंजुम, मॅडम. शंका फार असतात हिच्या."

"मॅडम, तुम्ही बॉक्समधले छान छान समूह घेतले. पण दुर्बिणीला तर फिकेवाले दिसतच नाहीत ना? मग बॉक्समधले पण सगळे घेऊन, ते बॅकग्राउंड घालून, कोणते उरतात ते बघायला पाहिजे की. तुम्ही आधीच निवडले तर ते जुळणारच."

मागच्या बाकावरून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "बस की बे, मल्ली होईल तुझा!" हास्याची लाट पुढपर्यंत आली. मल्लिनाथही हसला आणि प्रेमानं म्हणाला, "अंजुम, बस. मी पण हेच केलं होतं. आधी आपला प्रोग्रॅम तपासायचा असतो."

ती बसायला लागली. मान खाली, कानाच्या पाळ्या लाल.

"तिला बसवू नका," मी म्हणाले.

माईकमधून ते फार मोठ्यानं गेलं. सगळे थांबले.

"तिनं विचारलं ते बरोबर आहे. मी समूह आधीच निवडले होते, म्हणून ते जुळले. तुमच्या सरांनी सगळे घेतले होते. त्यांनी बॅकग्राउंड एकदाच मिळवलं होतं. दोनदा मिळवलं असं मी म्हणाले. मी त्यांचा प्रोग्रॅम न उघडता म्हणाले. तो मी गेल्या वर्षी उघडला. त्यात चूक नाही. सरांना ती सापडली नाही, कारण ती नव्हतीच."

 कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत.  मुलं माझ्याकडे बघत नव्हती, सगळी सरांकडे बघत होती. अंजुम उभीच होती. तिला बसावं की नाही ते कळत नव्हतं. मल्लिनाथच्या चेहऱ्यावर आधीचं हसू तसंच राहून गेलं होतं, कुणी काढून न्यायला विसरल्यासारखं.

आणि मग कार्यक्रम पुढे चालू झाला! याचं मला अजून नवल वाटतं. आभारासाठी नेमलेल्या प्राध्यापकांच्या हातात कागद होता. त्यांनी तो वाचला. "मॅडमनी अवघड विषय अत्यंत सोप्या भाषेत सांगितला," वगैरे. प्राचार्यांनी नारळ दिला. चादर मल्लिनाथच्या हातून द्यायची असं पत्रिकेत होतं, म्हणून त्याला पुढे बोलावलं. तो आला. घडी माझ्या दोन्ही हातांवर ठेवली. त्याची नजर घडीवर होती. फोटो निघाला. मला तो कुणी पाठवलेला नाही.

घर

बातमी आमच्या रिक्षाच्या आधी पोचली होती. मुलांच्या फोनवरून ती गल्लीत शिरली असणार. गौरी दारात होती, पण 'या की' म्हणाली नाही. बाजूला झाली.

दुपारचं जेवण मांडलं होतं. माझ्या ताटात मऊ भाकरी, न सांगता. मल्लिनाथ दोन घास खाऊन थांबला. अव्वानं त्याला कानडीत काहीतरी विचारलं.  तिनं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. तो हात धुवायला उठला.

"काय म्हणतात?" मी गौरीला विचारलं.

गौरी भाताचं पातेलं हातात घेऊन उभी होती. "म्हणालेत, चूक नव्हती, तर पोरगं घरी परत का आलं?"

पुण्यात असते तर कुणीतरी विषय बदलला असता. इथे अव्वा माझ्याकडे बघत उत्तराची वाट बघत होती, आणि मला तिची भाषा येत नव्हती. येत असती तरी काय सांगितलं असतं?

"माझ्यामुळे," मी गौरीला म्हणाले. "त्यांना सांगा. माझ्यामुळे."

गौरीनं सांगितलं. अव्वानं ऐकलं. तिनं माझ्या ताटाकडे बोट दाखवून दोन शब्द उच्चारले, ते मला न सांगता कळले: जेवा. ते तिनं कसल्या आवाजात म्हटलं हे मात्र मला आजही सांगता येत नाही. मी जेवले.

सिद्धेश्वर तलाव

सकाळी मल्लिनाथ तयार होऊन बसला होता. "तलाव दाखवतो म्हणालो होतो. चला." मी नको म्हणाले असते तर बरं झालं असतं असं त्याच्या आवाजावरून वाटलं, पण पाहुण्याला कबूल केलेलं दाखवायचं, हे त्याच्याकडे मोडत नाही.

देऊळ तलावाच्या मधोमध आहे. वाट पाण्यावरून जाते. सकाळच्या उन्हात पाणी हिरवट होतं, पायऱ्यांवर बायका बेलाची पानं निवडत बसल्या होत्या. आम्ही दर्शन घेतलं आणि कठड्याला टेकलो. 

"फोनवर सांगता आलं असतं, मॅडम. गेल्या वर्षीच."

"हो."

"मी मुलांसमोर एवढं सगळं बोललो काल. तुम्ही मला बोलू दिलं."

"मला माहीत नव्हतं तू ते सांगतोस."

"व्याख्यान पण सुरू केलंत. ती पोरगी उठली नसती तर?"

यावर मी खरं तेच म्हणाले. "तर कदाचित तुला इथे सांगितलं असतं. आणि मुलांना कधीच नाही."

तो हलकंसं हसला, पण ते माझ्यासाठी नव्हतं. "मी तुमच्यामुळे नाही सोडलं, मॅडम. घरी तसंच सांगत आलो, आणि ते खरंच होतं. ती चूक सापडेना म्हणून सोडलं. मला वाटलं, समोर असलेलं ज्याला दिसत नाही त्यानं ह्या धंद्यात राहू नये. तेव्हापासून मी काही एकदा बघून सोडत नाही. पोरांच्या उत्तरपत्रिका तीन-तीनदा तपासतो. गौरी हसते."

मला रिक्षाची सीट आठवली. कडी आठवली. मंगळसूत्राची गाठ आठवली. परवा मी त्यावर हसले होते. 

मी त्याला सांगितलं, की पेपरची दुरुस्ती लिहून तयार आहे. त्यात काय चुकलं, कुणी आधी दाखवलं, सगळं आहे, आणि पहिलं नाव त्याचं असेल. पुण्याहून ठरवून आणलेल्यांतलं हे एकच वाक्य उरलं होतं, आणि माझी समजूत अशी होती की ते ऐकून काहीतरी हलकं होईल.

तो माझ्याकडे वळला. इतक्या वेळात पहिल्यांदा सरळ डोळ्यांत बघितलं.

"मॅडम, तेव्हा तुम्ही म्हणालात म्हणून मी चूक मानली. आता तुम्ही म्हणता म्हणून बरोबर मानू का?"

पायऱ्यांवर एक बाई दुसरीला पानांवरून काहीतरी ओरडत होती.  आयुष्यात एकदा तरी माझ्या गप्प राहण्यात लबाडी नव्हती.

"माझं नाव लावू नका अजून," तो म्हणाला. "माझा प्रोग्रॅम पाठवा. बॉक्स पाठवा, तुमची निवड पण पाठवा, कोणते घेतले, कोणते टाकले. मी चालवून बघतो. कॉलेजात संगणक हळू आहे, वेळ लागेल. अंजुमला पण बसवतो. तिला तपासू दे."

"आणि तुला चूक सापडली तर?"

"तर सांगेन की. तुमच्यासारखं उशिरा नाही."

पुण्याला आल्यावर त्याच दिवशी मी सगळं पाठवलं. 'मिळालं' एवढंच उत्तर आलं. अजून ते तपासतायत. दुरुस्ती माझ्याकडे तयार आहे आणि पहिल्या नावाची जागा मोकळी आहे. ती भरेपर्यंत चादर पिशवीतच राहील.

निघताना

सोलापूरला जाणाऱ्यांना एरवी मी पुष्कळ काही सांगू शकेन. तलावावर सकाळी लवकर जावं. कडक भाकरी आधी दह्यात भिजू द्यावी. दाढेवर टोपी असेल तर यजमानाला आधीच सांगावं.

गाडी दुपारची होती. गौरीही स्टेशनवर येणार होती. अव्वा शेजारच्या ओट्यावर जाऊन बसली होती. निघण्यापूर्वी तिनं माझ्या हातात चटणीचा डबा दिला, झाकण फडक्यानं घट्ट बांधलेला. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. मल्लिनाथनं दाराला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि सरळ चालत आला. बॅग ठेवली, पुढे रिक्षावाल्याशेजारी बसला.

मी त्याच्या पाठीकडे बघत होते. मला वाटलं, काल काहीतरी बदललं असेल. एवढं सांगितल्यावर काहीतरी बदलत असणार.

रिक्षा सुरू झाली.

"थांब जरा," तो म्हणाला, आणि उतरला.

गल्लीतून परत जाऊन त्यानं कुलूप धरून ओढलं. मग आणखी एकदा. गौरी माझ्या शेजारीच बसली होती. आल्या दिवशी याच गोष्टीवर ती केवढी हसली होती. आता तिनं पदर सारखा केला आणि दुसरीकडे बघितलं.

"काय राहिलं का सर?" रिक्षावाल्यानं विचारलं.